जुन्या पिकअपचे पुढचे कंट्रोल आर्म बदलताना: आधी कास्टर मोजा, मग पाइप बघा

जुनी पिकअप सरळ रस्त्यावरही हातात राहत नाही, स्टेअरिंग सतत डावीकडे-उजवीकडे करत बसावं लागतं, ही तक्रार घेऊन येणारा माणूस बहुतेकदा उपाय ठरवूनच आलेला असतो. कुठेतरी चकचकीत ट्युब्युलर (पाइपाचे) कंट्रोल आर्म, म्हणजे पुढचं चाक चेसिसशी जोडणारे दांडे, बघितलेले असतात आणि ते बसवले की गाडी सुधारेल अशी खात्री असते. सुधारू शकते. पण ती पाइपाने सुधारत नाही. नवे बुश (आर्म चेसिसला जोडतात तिथले सांधे), नवे बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचे गोळ्याचे सांधे) आणि वरच्या बॉल जॉइंटची बदललेली जागा, या तीन गोष्टींनी ती सुधारते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी कंपनीच्या जुन्या आर्मवरही मिळतात. तिसरीसाठी मोजमाप लागतं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

खाली लिहिलेलं काम नाशिकमध्ये, घरच्या शेडमध्ये किंवा ओळखीच्या गॅरेजात करता येईल असं आहे. प्रेस, लेथ आणि पावडर कोटिंगसाठी सातपूर किंवा अंबड एमआयडीसीत एक चक्कर होईलच. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी वर्कशॉप दाराशी असणं ही या शहराची मोठी सोय आहे. तिचा फायदा घ्या, पण तिथल्या वेल्डरला "असाच एक आर्म करून दे" म्हणू नका. का ते पुढे येईलच.

आधी गाडीखाली जाऊन बघा

जुन्या महिंद्रा जीपवर बेतलेल्या पिकअपला पुढे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे असतात. तिथे कंट्रोल आर्म नावाची वस्तूच नसते, त्यामुळे हा लेख त्या गाड्यांसाठी नाही. १९८८ मध्ये आलेली टाटामोबाईल किंवा बाहेरून आलेल्या अमेरिकन पिकअप यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. प्रत्येक चाकाला एक वरचा आणि एक खालचा आर्म, दोघांच्या टोकाला बॉल जॉइंट आणि मध्ये नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग.

पुढचा प्रश्न वजन कशावर तोललंय याचा. कॉइल स्प्रिंग असेल तर ती दिसतेच. नसेल तर आर्मच्या मुळापासून चेसिसच्या कडेने मागे गेलेली जाड लोखंडी कांब शोधा. तो टॉर्शन बार. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या सालांतही फरक निघतो. शेवरोले सी-१० ला १९६० ते १९६२ टॉर्शन बार होते, १९६३ पासून कॉइल आल्या. म्हणून पुस्तकात किंवा विक्रेत्याच्या यादीत काय छापलंय त्यापेक्षा तुमच्या गाडीखाली काय आहे ते खरं माना. बार किंवा स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते की खालच्या, हेही आत्ताच लिहून ठेवा. ज्या आर्मवर ती बसते त्याचा बॉल जॉइंट गाडीचं वजन पेलतो आणि आधी झिजतो.

आर्म बदलून नेमकं काय बदलतं

समोरून बघितलं तर चाक वरच्या बाजूने आत किंवा बाहेर कललेलं असतं, तो कॅम्बर. वरून बघितलं तर दोन्ही चाकांची पुढची टोकं जवळ आलेली किंवा फाकलेली असतात, तो टो. आणि बाजूने बघितलं तर खालच्या बॉल जॉइंटपासून वरच्या बॉल जॉइंटपर्यंत काढलेली रेघ मागे कललेली असते, तो कास्टर. वळणानंतर स्टेअरिंग सोडलं की चाकं आपोआप सरळ येतात आणि वेगात गाडी सरळ धरून राहते, ती मुख्यतः कास्टरमुळे.

सी-१० च्या काळातल्या अमेरिकन पिकअपना कास्टर कमीच दिलेला असायचा. त्यामागे कारण होतं. पॉवर स्टेअरिंग सर्रास नव्हतं, आणि कास्टर वाढवला की स्टेअरिंग जड होतं. टायरही जुन्या पद्धतीचे, बायस प्लायचे, त्यांची वागणूक वेगळी. आज त्याच गाडीला रेडियल टायर असतात आणि ती हायवेवर ताशी ८० ने जाते. तेव्हाची बेरीज आता जुळत नाही. बाजारातले चांगले ट्युब्युलर आर्म वरचा बॉल जॉइंट थोडा मागे सरकवून बनवलेले असतात, खरी किंमत त्याची आहे. वजनात थोडी बचत होते, स्टीलच्या पत्र्याच्या दाबलेल्या आर्मपेक्षा ते जरा कमी वाकतात, दिसतातही छान. मात्र रोजच्या चालवण्यात हातांना जाणवतो तो कास्टरच.

किती सरकवलं की किती फरक पडतो, याचा अंदाज असू द्या. दोन बॉल जॉइंटमधलं उभं अंतर २८० मिलिमीटर धरलं, तर वरचा बॉल जॉइंट ५ मिलिमीटर मागे गेला की कास्टर जवळपास एक अंशाने वाढतो. फायदा यात आहे आणि धोकाही यातच आहे. हाताने बनवलेल्या दोन आर्ममध्ये ५ मिलिमीटरचा फरक राहिला तर डाव्या-उजव्या चाकांच्या कास्टरमध्ये एक अंशाचा फरक पडतो आणि गाडी एका बाजूला ओढते. म्हणून जिग (आर्म ठरल्या मापात धरून ठेवणारा साचा) नसलेल्या वर्कशॉपात आर्म बनवून घेऊ नयेत, वेल्डर कितीही हुशार असला तरी.

मागचे पाटे आणि हरवलेला कास्टर

आता नाशिककडची खास भानगड. टोमॅटोचे क्रेट, द्राक्षाच्या पेट्या, कांद्याच्या गोण्या भरून पिंपळगाव बसवंत किंवा लासलगावच्या बाजाराला गेलेली जुनी पिकअप सापडली, तर तिच्या मागच्या पाट्यांत एक-दोन जादा पाटे घातलेले असण्याची शक्यता भरपूर. माल भरलेला असताना गाडी समपातळीत दिसते. पुढे ती कुणी हौसेने घेतो, रंगवतो, रिकामी चालवतो आणि मागची बाजू वर राहते.

मागची बाजू उचलली की अख्खी चेसिस पुढे कलते आणि तिच्याबरोबर बॉल जॉइंटची रेघही. व्हीलबेस २,८०० मिलिमीटर असेल आणि गाडी मागून ५० मिलिमीटर वर असेल, तर साधारण एक अंश कास्टर गेलाच. मुळात दोन अंश असलेल्या गाडीत हा निम्मा हिस्सा झाला. त्यात कुणी शोसाठी पुढची बाजू खाली केली असेल तर उरलेलाही जातो. अशी गाडी माल भरल्यावर सुतासारखी सरळ चालते आणि रिकामी असताना भरकटते. तुमची तक्रार नेमकी हीच असेल, तर आर्मची ऑर्डर द्यायच्या आधी जादा पाटे काढा, गाडी समपातळीत आणा आणि पुन्हा चालवून बघा. निम्म्या लोकांचं काम इथेच संपावं असं मला वाटतं, पण पाटे काढण्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं.

खोलण्याआधी मोजा

सपाट जागा, सारखी हवा भरलेले टायर, अर्धी टाकी इंधन. चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि लिहा. जमिनीपासून मोजू नका, टायर बदलला की तो आकडा निरुपयोगी होतो. हबपासूनचा आकडा शेवटी बुश घट्ट करताना लागणार आहे.

मग अलाइनमेंटवाल्याकडे जाऊन सध्याचा कॅम्बर, कास्टर, टो छापून घ्या. "फक्त प्रिंट द्या, सेट करू नका" असं स्पष्ट सांगा. काही जण टो तेवढा करून देतात आणि कास्टरकडे बघतही नाहीत.

घरी मोजायचं असेल तर तेही जमतं. दोरीला वजन बांधून ओळंबा चाकासमोर सोडा. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोरीचं अंतर मोजा. दोन बिंदूंमध्ये उभं अंतर ४०० मिलिमीटर असेल आणि फरक साडेतीन मिलिमीटर आला, तर कॅम्बर अर्धा अंश. कास्टरसाठी चाकांखाली ग्रीस लावलेले लॅमिनेटचे दोन-दोन तुकडे ठेवा म्हणजे ती सहज फिरतील. चाक २० अंश बाहेर वळवून कॅम्बर मोजा, मग २० अंश आत वळवून मोजा. दोन आकड्यांतल्या फरकाला दीडने गुणलं की कास्टर. मोबाईलमधलं कोन मोजणारं अ‍ॅप चालेल, फक्त फोन दर वेळी रिमच्या त्याच जागी टेकवा.

आता झीज. स्प्रिंग किंवा बार खालच्या आर्मवर असेल तर जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ लावा. वरच्या आर्मवर असेल तर वरचा आर्म आणि चेसिस यांच्यात लाकडी पाचर घालून जॅक चेसिसखाली लावा. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला की दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा, राहिला तर बॉल जॉइंटचा. चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ आला तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा बघा. बुशांसाठी आर्म आणि चेसिस यांच्यात पहार घालून हलका जोर द्या. आर्म पुढे-मागे सरकला, रबर फाटलेलं किंवा बाहेर आलेलं दिसलं, तर बुश गेले.

टायरही बोलतो. फक्त आतली कड खाल्ली असेल तर कॅम्बर आत गेलाय. ट्रेडवरून हात फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय.

काय घ्यावं

टाटामोबाईलसारख्या गाडीसाठी मी आधी मूळ आर्मच तपासायला सांगेन. वाकलेले, तडकलेले, बुशाच्या भोकात ओव्हल झालेले नसतील तर ते साफ करून, नवे बुश आणि बॉल जॉइंट घालून वापरा. मिस्त्री म्हणतात, "भाऊ, आर्म कशाला बदलता, बुश टाका न पळवा." पुष्कळदा त्यांचं खरं असतं.

सी-१० सारख्या अमेरिकन गाडीसाठी तयार ट्युब्युलर आर्म मिळतात आणि तिथे ते घेण्यात अर्थ आहे. घेताना चार गोष्टी विचारा. किती अंश कास्टर आत धरलाय. बॉल जॉइंटचा टेपर (निमुळता दांडा) तुमच्या नकलशी जुळतो का. बुश कुठले आहेत, आणि पाच वर्षांनी ते वेगळे मिळतील का. पाइप शिवणीचा आहे की सीमलेस. फोटोत वेल्डिंगची लहर एकसारखी दिसायला हवी. काही ठिकाणी जाड आणि काही ठिकाणी खोबणी पडलेली असेल तर पुढे जाऊ नका. क्रोम केलेले आर्म मी टाळतो. प्लेटिंगच्या प्रक्रियेत हायड्रोजन स्टीलमध्ये शिरून ते ठिसूळ होण्याचा धोका असतो, शिवाय क्रोमखाली तडा लपतो. फिकट रंगाचं पावडर कोटिंग सगळ्यात चांगलं, त्यावर गंजाची रेघ लगेच दिसते.

बुशांच्या बाबतीत हौस आवरा. रबरी बुश मऊ, आवाज न करणारे आणि स्वस्त. पॉलियुरेथेनचे बुश आर्म कमी सरकू देतात, म्हणून स्टेअरिंग नेमकं वाटतं, पण सिलिकॉन ग्रीस कमी पडलं की चिवचिवतात. साधं ग्रीस त्यांना लावू नका. पट्टीच्या रेसर गाड्यांना असतात तसे धातूचे गोलाकार जॉइंट मात्र रस्त्यावरच्या पिकअपला नकोतच. आपल्याकडे उन्हाळ्यात बारीक धूळ आणि पावसाळ्यात चिखल. त्या जॉइंटला रबरी टोपी नसते, काही महिन्यांत ते खडखडायला लागतात. रोजच्या गाडीला रबर, अधूनमधून चालवायच्या गाडीला पॉलियुरेथेन.

पॉवर स्टेअरिंग नसेल तर जास्त कास्टरचे आर्म घेऊन पस्तावाल. मेन रोडच्या गर्दीत गाडी पार्किंगला लावताना खांदे भरून येतात. अशा गाडीला दीड ते अडीच अंश पुरे. पॉवर स्टेअरिंग असेल तर तीन ते पाच.

कागदपत्रांचं थोडक्यात

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही. झिजलेल्या आर्मच्या जागी तसेच आर्म घालणं ही दुरुस्ती झाली. चेसिस कापून वेगळ्या गाडीचं अख्खं सस्पेन्शन बसवणं ही वेगळी गोष्ट, तिच्यासाठी आधी पेठ रोडच्या आरटीओत विचारा. विमा कंपनीला लेखी कळवा.

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांखाली तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असेल, तर ती मूळ रूपात असणं हा त्यातला मुद्दा आहे. अशा गाडीला ट्युब्युलर आर्म लावूच नका. मूळ आर्म दुरुस्त करा. बाकी कुठल्याही गाडीचे मूळ आर्म काढले तर भंगारात देऊ नका.

खोलताना

आदल्या रात्री सगळ्या नटबोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. जुन्या अमेरिकन गाडीचे आटे इंचाचे, आपल्याकडच्या गाडीचे मेट्रिक. दोन्हीचे पाने आणि नट एका डब्यात ठेवू नका. जवळपास बसणारा पाना हेक्स गोल करतो आणि अर्धा दिवस खातो.

मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा. पुढून उचलून चेसिसच्या दोन्ही बाजूंना मजबूत घोड्या लावा. नुसत्या जॅकवर, विटांवर किंवा पोकळ सिमेंट ब्लॉकवर ठेवलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. हात लावून गाडी जोरात हलवून बघा. ती पडायचीच असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू द्या.

चाक काढा, कॅलिपर काढून तारेने चेसिसला टांगा, ब्रेकच्या होजवर लोंबकळत सोडू नका. टाय रॉड एंड, शॉकअब्सॉर्बर, अँटीरोल बारची लिंक सोडवा. प्रत्येक शिमची (बोल्टवर आर्ममागे घातलेल्या पातळ पट्टीची) जागा आणि संख्या लिहून, फोटो काढून, वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा: डावी पुढची, डावी मागची, उजवी पुढची, उजवी मागची.

कॉइल असलेल्या गाडीत सगळ्यात धोक्याचं काम आता येतं. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतका जोर असतो, हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. ट्रॉली जॅक खालच्या आर्मखाली लावून स्प्रिंगचा भार त्यावर घ्या. स्प्रिंगमधून जाड साखळी ओवून चेसिसला बांधा, शक्य असेल तर आतून लागणारा स्प्रिंग कंप्रेसर वापरा. बॉल जॉइंटची कोटर पिन काढा, नट सैल करा, पण काही आटे अडकलेले ठेवा. नट पूर्ण काढू नका. मग नकलच्या ज्या डोळ्यात टेपर बसलाय त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने दुसऱ्या हातोड्याने फटका द्या. दोन-चार फटक्यांत टेपर टणकन सुटतो आणि अर्धवट राहिलेला नट त्याला धरून ठेवतो. दुफाळी पहार घुसवून काढायची सवय असेल तर ती फक्त टाकाऊ बॉल जॉइंटवर वापरा, कारण रबर फाटतंच. टेपर सुटल्यावर जॅकने आर्म पुन्हा किंचित उचला, नट काढा आणि जॅक हळूहळू, अगदी सावकाश खाली सोडा. स्प्रिंगच्या समोर उभं राहू नका. ती पूर्ण सैल झाल्यावर हाताने काढा, आणि तिचं शेपूट आर्मच्या खोबणीत कुठे टेकलं होतं त्यावर रंगाची खूण करा.

टॉर्शन बारचं काम त्या मानाने शांत, पण चिकाटीचं. मागच्या टोकाला ताण कमी-जास्त करायचा बोल्ट असतो. तो सोडवण्याआधी नटबाहेर दिसणारे आटे मिलिमीटरमध्ये मोजा. बार आणि त्याची दोन्ही टोकं जिथे अडकतात तिथे आडवी रंगाची रेघ मारा. मग बोल्ट सैल करून ताण पूर्ण उतरवा. डावा आणि उजवा बार एकमेकांच्या जागी घालू नका, त्यांना एकाच दिशेच्या पिळाची सवय झालेली असते. बारवर पान्याचा ओरखडा, हातोड्याचा घाव, गॅसची ज्योत यातलं काहीही लागू देऊ नका. पिळल्या जाणाऱ्या पोलादावरचा छोटा चरा पुढे तडा बनतो.

कंपनीचे वरचे बॉल जॉइंट काही गाड्यांत रिव्हेटने बसवलेले असतात. रिव्हेटच्या डोक्याला ड्रिल मारून छिन्नीने उडवा. गॅसने कापू नका, आर्म मऊ पडतो. नव्या जॉइंटबरोबर आलेले बोल्टच वापरा. इंचाच्या बोल्टवर सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, तीन म्हणजे ग्रेड ५. मेट्रिक बोल्टवर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असतं. डोक्यावर काहीच नसलेला बोल्ट सस्पेन्शनमध्ये जाणार नाही.

मधल्या वेळात चेसिस बघा

आर्म निघाल्यावर क्रॉसमेंबर (चेसिसचा आडवा भाग) जेवढा उघडा दिसतो तेवढा पुन्हा कधी दिसणार नाही. तारेच्या ब्रशने घासून, रॉकेलने धुऊन, कोरडा करून आर्मच्या बैठकीभोवती तडे शोधा. रंगाखालून गंजाची बारीक रेघ फुटलेली दिसली की तिथे तडा असतो. शंका असेल तर एमआयडीसीत पेनिट्रंट टेस्ट करून घ्या, लाल रंगाचं द्रव आणि पांढरी पावडर वापरून ती होते. क्रॉसमेंबरला तडा असेल तर नवे आर्म कोपऱ्यात ठेवा आणि आधी तो दुरुस्त करा.

बसवताना

नवे आर्म आधी स्प्रिंगशिवाय बसवा. खूप लोक ही पायरी वगळतात आणि मग पुन्हा खोलतात. आर्म हाताने पूर्ण खाली, पूर्ण वर न्या, त्या दोन्ही टोकांना स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवा. ब्रेकचा होज ताणतो का, आर्म शॉकला किंवा चेसिसला लागतो का, बॉल जॉइंट शेवटच्या टोकाला अडकून धातूला धातू टेकतो का, रिम आर्मला घासतो का, ते बघा. बॉल जॉइंट अडकत असेल तर गाडी खड्ड्यातून उसळल्यावर तो तुटतो.

त्याच वेळी टो बदलतो का तेही बघून घ्या. हबवर सरळ पट्टी बांधा, आर्म ५० मिलिमीटर वर आणि ५० मिलिमीटर खाली न्या, पट्टीची दोन टोकं जमिनीवरच्या एका रेघेपासून किती सरकतात ते मोजा. आर्मचे कोन बदलले आणि टाय रॉड जुन्याच कोनात राहिला तर खड्ड्यागणिक गाडी स्वतःच वळते.

टेपरची जुळणी तपासायला बॉल जॉइंटच्या टेपरवर मार्करने रेघा ओढा, नकलमध्ये हाताने घट्ट बसवून किंचित फिरवा आणि काढा. शाई सगळीकडे सारखी पुसली गेली तर टेपर जुळला. फक्त वरच्या किंवा खालच्या कडेला पुसली गेली तर तो जॉइंट त्या नकलचा नाही. वॉशर घालून जुळवायचा प्रयत्न करू नका.

स्प्रिंग खुणेप्रमाणे खोबणीत बसवा, जॅकने आर्म उचला, बॉल जॉइंटचे नट लावा. कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेला नट) टॉर्क पान्याने सांगितल्याएवढा घट्ट करा. पिनचं भोक जुळलं नाही तर नट आणखी थोडा पुढे न्या, कधीही मागे सैल करू नका. कोटर पिन नवी. नायलॉन असलेले लॉकनटही नवे. टॉर्कचे आकडे गाडीच्या मॅन्युअलमधून किंवा आर्मबरोबरच्या कागदावरून घ्या, दुसऱ्या गाडीचे नको.

आता या कामातली सर्वात जास्त चुकणारी गोष्ट. रबरी बुशात रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, आर्म हलतो तेव्हा ते पिळलं जातं. आर्म खाली लोंबत असताना बुशाचा बोल्ट घट्ट केला, तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी किंचित उंच बसते आणि बुश लवकर फाटतात. म्हणून बुशांचे बोल्ट सैलसर ठेवा, खालच्या आर्मखाली जॅक लावून हब आणि मडगार्डमधलं अंतर सुरुवातीला लिहिलेल्या आकड्याएवढं करा आणि तिथे टॉर्क द्या. पॉलियुरेथेनचे बुश मोकळे फिरतात, त्यांना हा नियम लागत नाही.

टॉर्शन बार असेल तर बोल्ट मोजलेल्या आट्यांवर आणा, गाडी जमिनीवर ठेवून पुढे-मागे ढकला, हबपासूनची उंची बघा आणि थोडी थोडी दुरुस्त करा. "अजून दोन इंच उचलू" या मोहात पडू नका. बोल्ट आवळल्याने बार कडक होत नाही, आर्मचा कोन वाढतो, चाकाची खाली जायची हालचाल संपते आणि बॉल जॉइंट सतत टोकाला राहतो.

अलाइनमेंट

टो साधारण सरळ करून गाडी सावकाश अलाइनमेंटवाल्याकडे न्या. वरच्या आर्मच्या दांड्यामागे शिम असतील तर तिथे दोन युक्त्या आहेत. पुढच्या आणि मागच्या बोल्टला सारखे शिम घातले किंवा काढले की कॅम्बर बदलतो. एकीकडून काढून दुसरीकडे घातले की कास्टर. दांडा चेसिसच्या आतून बसतो की बाहेरून, यावर दिशा ठरते, म्हणून एक पातळ शिम हलवून आकडा कुठे जातो ते बघा आणि मग पुढे जा.

रस्त्यावरच्या गाडीसाठी कॅम्बर शून्य ते उणे अर्धा अंश, दोन्ही चाकांचा मिळून टो आत दीड ते तीन मिलिमीटर. कास्टर वर सांगितल्याप्रमाणे.

अमेरिकन किटच्या कागदावर डाव्या चाकाचा कास्टर उजव्यापेक्षा थोडा कमी ठेवायला सांगितलेलं दिसेल. ते तसंच उतरवू नका. रस्ता कडेकडे उतरता असतो. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे गाडी उजवीकडे घसरू बघते. कमी कास्टर असलेल्या चाकाच्या बाजूला गाडी ओढते, म्हणून ते डावा कमी ठेवून तिला सावरतात. आपण डावीकडून चालतो, तेव्हा आपल्याकडे उजव्या चाकाचा कास्टर पाव ते अर्धा अंश कमी हवा. कागदाप्रमाणे सेट केली तर आपल्या रस्त्यावर गाडी दुप्पट डावीकडे ओढेल आणि दोष आर्मला जाईल.

चालवून बघताना

पहिल्यांदा रिकाम्या रस्त्यावर ताशी ३०-४० ने, ब्रेक मारून, दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. मग गंगापूर धरणाच्या बाजूला एक फेरी. सगळं ठीक वाटलं तर पेठ रस्त्याने सावळघाट. तिथल्या वळणांवर उजवीकडे आणि डावीकडे वळताना स्टेअरिंगचं वजन सारखं लागतं का, आणि वळण संपल्यावर चाक सारख्याच वेगाने परत येतं का, हे बघा. एकीकडे आळशीपणाने परत येत असेल तर एखादा बॉल जॉइंट जास्त आवळलेला किंवा कोरडा असू शकतो. मुंबई-आग्रा महामार्गावरचा वेग सगळ्यात शेवटी.

शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. व्हील नट आधी, समोरासमोरच्या क्रमाने. उंची पुन्हा मोजा, नव्या स्प्रिंग थोड्या बसतात. बदल पाच मिलिमीटरच्या वर असेल तर अलाइनमेंटही पुन्हा. ग्रीस निपल असलेल्या बॉल जॉइंटना रबर किंचित फुगेल एवढंच ग्रीस द्या. फुटेपर्यंत दिलं तर पहिल्या पावसात पाणी आत जातं. इगतपुरीकडे गाडी नेहमी जात असेल तर पावसाळ्यानंतर लगेच ग्रीस गन फिरवा, कारण तोवर आत पाणी गेलेलं असतंच.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत टायरवर हात फिरवत राहा. करवत जाणवली तर टो बघा. एकच कड गेली तर कॅम्बर. दोन्ही कडा सारख्या खाल्ल्या असतील तर आर्मला हात लावू नका, हवा कमी आहे.